इन्सुलिनवरच्या मधुमेहात मूत्रपिंडांची तपासणी: काय मागावे, कधी मागावे, काय टाळावे

मला १९९७ साली, वयाच्या अकराव्या वर्षी टाईप १ मधुमेह झाला. तेव्हापासून इन्सुलिन सुरू आहे. मधुमेहाच्या चौदाव्या वर्षी माझ्या लघवीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन जात असल्याचे लक्षात आले. ते जाणे त्याआधीच कधीतरी सुरू झाले असावे, पण नेमके कधी, हे सांगण्याची सोय राहिली नव्हती. कारण मी दर वर्षी न चुकता लघवीची तपासणी करत होते खरी, पण ती वेगळीच तपासणी होती. त्या वर्षांतले सगळे अहवाल माझ्याकडे अजून आहेत आणि प्रत्येकावर अल्ब्युमिनसमोर ‘निल’ असे छापलेले आहे.

नुकताच टाईप १ मधुमेह झालेल्यांसाठी, अशा मुलांच्या आईवडिलांसाठी आणि इतकी वर्षे इन्सुलिन घेऊनही मूत्रपिंडांचा विषय कधी निघालाच नाही अशांसाठी हा लेख लिहिला आहे. औषधे आणि त्यांचे डोस ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. त्यांच्यासमोर बसताना हातात काय असावे आणि तोंडून काय विचारावे, एवढेच मी सांगू शकते.

१. धोका नेमका काय आहे, ते आधी समजून घ्या

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की या गाळण्यांमधला दाब वाढतो, त्यांचे पडदे जाड होतात आणि जे प्रथिन रक्तातच राहायला हवे ते थोडेथोडे लघवीत उतरू लागते. या काळात दुखत नाही, सूज येत नाही, लघवीचे प्रमाणही बदलत नाही. उलट सुरुवातीची काही वर्षे गाळण्या नेहमीपेक्षा जास्त वेगाने काम करत असतात, त्यामुळे रक्ताचे अहवाल उत्तम दिसतात. पायांवरची सूज आणि फेसाळ लघवी या खुणा खूप उशिरा दिसतात. त्यांची वाट पाहणे म्हणजे मधली दहा वर्षे हातची घालवणे होय.

टाईप १ मधुमेहात पहिल्या पाच वर्षांत हा आजार क्वचितच दिसतो. त्याचे प्रमाण मधुमेहाच्या साधारण दहाव्या ते विसाव्या वर्षात सर्वाधिक असते. मधुमेह असलेल्या दर दहा जणांपैकी दोन ते चार जणांना पुढे मूत्रपिंडांचा आजार होतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे बहुसंख्यांना तो होत नाही. पंचवीस-तीस वर्षे झाल्यावरही लघवीत अल्ब्युमिन नसेल, तर पुढचा धोका बराच कमी होतो. साखर आणि रक्तदाब यांच्याबरोबर घराण्याचाही त्यात वाटा असतो. आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला उच्च रक्तदाब अथवा मूत्रपिंडांचा आजार असेल, तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा.

आता त्या वाक्याबद्दल लिहिणे भाग आहे, जे लग्नात, बारशाला आणि दवाखान्याच्या बाकावर मी असंख्य वेळा ऐकले आहे: ‘इन्सुलिनने किडन्या जातात.’ हा समज खोटा आहे, पण तो निर्माण कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. प्रौढ वयात होणाऱ्या टाईप २ मधुमेहात वर्षानुवर्षे गोळ्या चालतात आणि मूत्रपिंडे थकू लागली, की त्यांपैकी काही गोळ्या बंद करून इन्सुलिन सुरू करावे लागते. शेजाऱ्यांना दिसते ते एवढेच, की काकांना इन्सुलिन लागले आणि दोन-तीन वर्षांत डायलिसिस आले. मूत्रपिंडे आधी बिघडली आणि इन्सुलिन नंतर आले, हा क्रम कोणी सांगत नाही. टाईप १ मध्ये इन्सुलिन हेच जगण्याचे साधन आहे. ते कमी केल्याने मूत्रपिंडे वाचत नाहीत, ती आणखी लवकर जातात, आणि इन्सुलिन थांबवल्यास कीटोॲसिडोसिसने (रक्तात आम्ल साचल्याने) काही दिवसांतच जीव धोक्यात येतो. चांगल्या हेतूने इन्सुलिन ‘जरा कमी घे’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हा क्रम शांतपणे समजावून सांगा. माझ्या आजीला तो समजायला दोन दिवाळ्या लागल्या.

२. तपासणी कधी सुरू करायची

टाईप १ असलेल्या प्रौढांनी निदानाला पाच वर्षे झाली, की दर वर्षी तपासणी करावी. मुलांच्या बाबतीत, मधुमेहाला पाच वर्षे झालेली असतील तर दहाव्या वर्षापासून, किंवा त्याआधी वयात येण्याची चिन्हे दिसू लागली तर तेव्हापासून, वार्षिक तपासणी सुरू करण्याची शिफारस आहे. काही बालमधुमेहतज्ज्ञ याहूनही लवकर सुरुवात करतात. ते सांगतील तसे करावे.

टाईप २ असून इन्सुलिन घेणाऱ्यांना पाच वर्षांची ही सवलत नाही. त्यांचा मधुमेह निदानाच्या आधी किती वर्षे होता हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून त्यांची तपासणी निदानाच्या दिवसापासूनच करायची असते.

३. योग्य तपासणी तिचे नाव घेऊन मागा

माझी चूक इथेच झाली होती, म्हणून या पायरीवर थोडा जास्त वेळ थांबते.

प्रयोगशाळेत ‘लघवी तपासायची आहे’ असे सांगितले, की ‘युरिन रुटीन’ केली जाते. तिच्यात लघवीत एक रंगीत पट्टी बुडवून अल्ब्युमिन आहे की नाही एवढेच पाहतात. ही पट्टी बरेच अल्ब्युमिन जाऊ लागल्यावरच रंग बदलते. सुरुवातीच्या, म्हणजे उपचाराने मागे फिरू शकणाऱ्या टप्प्यातले अल्ब्युमिन तिला दिसतच नाही. त्यामुळे त्या अहवालातल्या ‘निल’चा अर्थ ‘फार नाही’ एवढाच घ्यायचा असतो, आणि मी तो ‘अजिबात नाही’ असा घेत आले.

मागायची तपासणी आहे ‘युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’, थोडक्यात एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचे क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाशी गुणोत्तर. तिला लघवीचा एकच नमुना पुरतो. चोवीस तासांची लघवी डब्यात साठवण्याची बहुतेकांना आता गरज नसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे नाव लिहून घ्या, आणि नमुना देताना काउंटरवर पुन्हा वाचून दाखवा.

यात आणखी एक बारीक सापळा आहे. काही ठिकाणी ‘मायक्रोअल्ब्युमिन’ या नावाखाली केवळ दर लिटरमागचे अल्ब्युमिन मोजून देतात, गुणोत्तर काढत नाहीत. लघवी पातळ असली की हा आकडा आपोआप लहान दिसतो. माझ्या त्या चौदाव्या वर्षाच्या अहवालात अल्ब्युमिन दर लिटरला १८ मिलिग्रॅम होते. छापलेली मर्यादा २० होती, म्हणून शेरा ‘नॉर्मल’ असा होता. सुदैवाने त्याच कागदावर लघवीतले क्रिएटिनिनही दिले होते: दर डेसिलिटरला ४० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला ०.४ ग्रॅम. नव्या डॉक्टरांनी माझ्यासमोर १८ ला ०.४ ने भागले आणि ४५ हा आकडा लिहून त्याभोवती गोल केला. तपासणीच्या भीतीने मी सकाळी तीन पेले पाणी पिऊन गेले होते, आणि त्या पाण्याने माझा आजार जवळजवळ लपवला होता.

गुणोत्तराचा अर्थ असा लावतात: दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ते सामान्य; ३० ते ३०० हा मध्यम वाढीचा टप्पा, ज्याला जुन्या नावाने अजूनही मायक्रोअल्ब्युमिन्युरिया म्हणतात; आणि ३०० च्या वर तीव्र वाढ. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी एककाकडे अवश्य लक्ष द्यावे. ब्रिटनसारख्या देशांत हेच गुणोत्तर दर मिलिमोलमागे देतात, आणि तिथला ३ म्हणजे आपल्याकडचा साधारण ३० असतो. लंडनच्या अहवालावरचा ‘५’ हा आकडा पाहून पुण्यातल्या नातेवाइकांनी ‘अगदी उत्तम’ म्हणावे, असे माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात प्रत्यक्ष घडले आहे.

४. नमुना देण्याआधी हे पाहा

ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, खूप वाढलेली साखर किंवा रक्तदाब आणि आदल्या चोवीस तासांतला जोराचा व्यायाम यांपैकी कशानेही अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. रविवारी सिंहगड चढून सोमवारी सकाळी नमुना दिला, तर अहवाल गडाचा येईल, मूत्रपिंडांचा नाही. शक्य असल्यास सकाळी उठल्यावरची पहिली लघवी द्यावी. लहान मुलांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे आहे, कारण काही मुलांमध्ये दिवसभर उभे राहिल्याने थोडे अल्ब्युमिन उतरते आणि त्याला आजार म्हणता येत नाही.

याच कारणाने एका अहवालावर निदान होत नाही. गुणोत्तर वाढलेले आले, तर तीन ते सहा महिन्यांच्या काळात मिळून तीन नमुने तपासतात, आणि त्यांपैकी दोन वाढलेले असतील तरच ते खरे मानतात. माझे पुढचे दोन आकडे ६२ आणि ५१ आले. पहिल्या आकड्यानंतर रात्रभर डायलिसिसचे व्हिडिओ पाहण्याची काहीच गरज नव्हती, हे आता लिहिणे सोपे आहे. पण दुसरा आणि तिसरा नमुना टाळण्याचा मोह त्याहून वाईट असतो. तो मलाही झाला होता.

५. क्रिएटिनिनचा आकडा एकटा वाचू नका

वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिनही तपासायचे असते. मात्र क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते, म्हणून तोच आकडा दोन माणसांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. त्यावरून वय आणि लिंग लक्षात घेऊन मूत्रपिंडे मिनिटाला किती रक्तद्रव गाळतात याचा अंदाज काढतात. त्याला इजीएफआर म्हणतात.

उदाहरण घ्या. क्रिएटिनिन १.२ आहे, आणि पुष्कळ अहवालांत ते मर्यादेच्या आत धरले जाते. हा अंदाज काढण्याच्या २०२१ च्या सूत्राने पंचवीस वर्षांच्या पुरुषाचा इजीएफआर त्यावरून साधारण ८६ येतो. चाळीस वर्षांच्या स्त्रीचा मात्र साधारण ५९. इजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंड विकार म्हणतात. म्हणजे एकाच ‘नॉर्मल’ शेऱ्याखाली एक निरोगी माणूस आणि एक रुग्ण असे दोघेही बसू शकतात.

मुलांसाठी प्रौढांचे सूत्र वापरत नाहीत. तिथे सेंटीमीटरमधील उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागतात. १४० सेंटीमीटर उंचीच्या मुलीचे क्रिएटिनिन ०.६ असेल तर उत्तर ९६ येते, आणि १.० असेल तर ५८. आईवडिलांनी मुलाची उंची त्याच दिवशी मोजून फाईलमध्ये लिहावी, एवढे सांगण्यासाठी हे गणित दिले आहे.

रक्त देण्याच्या आदल्या रात्री मटणाचे भरपेट जेवण टाळा, आणि व्यायामशाळेत क्रिएटिनची पावडर घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. दोन्हींमुळे आकडा फुगतो.

६. फाईल तयार करा

प्रत्येक डॉक्टर वेगळे, प्रयोगशाळा वेगळी आणि अहवाल मोबाईलवर विखुरलेले असतील, तर पाच वर्षांत काय बदलले हे कोणालाच दिसत नाही. मी एक साधी वही ठेवते. तिच्या डाव्या पानावर तारीख, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा), एसीआर, क्रिएटिनिन, इजीएफआर, पोटॅशियम, रक्तदाब आणि वजन असते; उजव्या पानावर त्या वेळी काय चालू होते ते (ताप, परीक्षा, बाळंतपण, नवे औषध). सोबत पुढील कागद आणि साधने असावीत:

– मधुमेहाच्या निदानाचा पहिला कागद, कारण पाच वर्षे त्या तारखेपासून मोजायची असतात.
– एसीआर आणि क्रिएटिनिनचे सर्व जुने अहवाल, शक्यतो एकाच प्रयोगशाळेचे.
– बाहुल्या पसरवून केलेल्या डोळ्यांच्या पडद्याच्या वार्षिक तपासणीचा अहवाल.
– इन्सुलिनची नावे, वेळा आणि युनिट. ग्लुकोमीटरच्या नोंदी किंवा त्वचेवर लावून सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरचा आलेख.
– सध्याच्या सर्व औषधांची यादी, वैद्याच्या पुड्या आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसह.
– दंडावर पट्टा बांधून मोजणारे रक्तदाबाचे यंत्र; मनगटावरची यंत्रे सहज चुकतात.

डोळ्यांचा अहवाल या यादीत का, असे विचाराल. टाईप १ मध्ये मूत्रपिंडांना इजा झाली असेल, तर डोळ्यांच्या पडद्यावरही बहुधा तिची खूण असते. डोळे पूर्ण स्वच्छ आणि तरीही लघवीत भरपूर अल्ब्युमिन, असे चित्र असेल तर मूत्रपिंडांना मधुमेहाव्यतिरिक्त दुसराच काही आजार झाला असण्याची शक्यता डॉक्टर तपासतात.

७. अहवाल खरोखरच वाढलेला आला तर

पहिले काम साखरेचे. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाईप १ असलेल्या १,४४१ जणांवर एक मोठा अभ्यास झाला. डीसीसीटी या नावाने तो ओळखला जातो. एका गटाचे एचबीएवनसी सुमारे ७ टक्क्यांवर ठेवले होते, दुसऱ्याचे नेहमीच्या उपचाराने ९ च्या आसपास राहिले. पहिल्या गटात सुरुवातीचा अल्ब्युमिनचा टप्पा ३९ टक्क्यांनी आणि त्यापुढचा ५४ टक्क्यांनी कमी आढळला. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, तरी पहिल्या गटाचा फायदा पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला. म्हणूनच किशोरवयातल्या ‘नंतर बघू’ला मी फार घाबरते. सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांच्या खाली, आणि सेन्सर वापरत असाल तर साखर ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक वेळ, हे लक्ष्य असते; मात्र वारंवार साखर उतरत असेल तर डॉक्टर ते सैल करतात. रक्तक्षय असेल तर एचबीएवनसी फसवू शकते, हेही लक्षात असू द्या.

दुसरे काम रक्तदाबाचे. तो १३०/८० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो.

तिसरे काम औषधाचे. ज्या १९९३ साली डीसीसीटीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी टाईप १ असलेल्या ४०९ रुग्णांवरचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांमध्ये क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका ४८ टक्क्यांनी कमी आढळला. आज त्याच कुळातली रॅमिप्रिल, एनालाप्रिल, किंवा त्यांच्या शेजारच्या कुळातली टेल्मिसार्टन, लोसार्टन ही औषधे दिली जातात. ती रक्तदाबाची औषधे असली, तरी इथे त्यांचे काम गाळणीतला दाब उतरवण्याचेही असते. ‘मला तर बीपी नाही’ असे म्हणून गोळी परस्पर बंद करणारे अनेक जण मला भेटले आहेत.

या गोळ्यांबाबत चार गोष्टी माहीत असाव्यात. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तर ते बहुधा अपेक्षित असते आणि त्यासाठी गोळी थांबवत नाहीत. ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो. मला आला, आणि तीन महिने मी तो पुण्याच्या धुळीवर ढकलला; शेवटी टेल्मिसार्टनवर गेल्यावर तो थांबला. गर्भधारणेत या दोन्ही कुळांची औषधे घेता येत नाहीत, म्हणून मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून त्या बदलून घ्याव्यात. आणि उलट्या-जुलाब होत असतील, शरीरातले पाणी कमी होत असेल, तर त्या दिवसांपुरत्या या गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवावे. त्या दिवसांत इन्सुलिन मात्र थांबवायचे नाही; युनिट बदलतील, पण बेसल (दिवसभर संथपणे काम करणारे) इन्सुलिन चालूच राहील.

अहवाल चांगला असताना ‘आधीच गोळी सुरू करू’ असा विचारही काही पालक करतात. रक्तदाब आणि अल्ब्युमिन दोन्ही सामान्य असलेल्या टाईप १ च्या २८५ जणांना पाच वर्षे अशी औषधे देऊन पाहिल्याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मूत्रपिंडांतील बदल त्यामुळे रोखले गेले नाहीत. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एसजीएलटी-२ गटाच्या गोळ्या टाईप २ च्या नातेवाइकांकडे पाहून सुरू करू नका. टाईप १ मध्ये त्यांच्यामुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो.

माझे गुणोत्तर दोन वर्षांनी ३० च्या खाली आले आणि बहुतांशी तिथेच आहे. सुरुवातीच्या टप्प्यात असे मागे फिरणे दुर्मीळ नाही.

८. स्वयंपाकघर आणि औषधाचे दुकान

वेदनाशामक गोळ्यांपासून सुरुवात करते, कारण मोठे नुकसान तिथे होते. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि निमेसुलाईड ही औषधे पाठदुखी, दातदुखी किंवा पाळीच्या दुखण्यासाठी दुकानातून सहज मिळतात. मूत्रपिंडे आधीच दुबळी असतील आणि सातव्या पायरीतल्या रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या चालू असतील, तर ती फार घातक ठरू शकतात. गोळीच्या नावाऐवजी पाकिटावरचे घटक वाचा, कारण अनेक संयुक्त गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला यांपैकी एक असते. साध्या दुखण्याला नुसते पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी रंगद्रव्य टोचणार असतील, तर आधी इजीएफआर सांगा.

‘किडनी साफ करणारे’ काढे आणि घटक न सांगता दिलेल्या पुड्या यांपासून दूर राहा. काहींमध्ये शिसे, पारा यांसारखे जड धातू आढळले आहेत, आणि त्यांचा पहिला मार मूत्रपिंडांवरच बसतो.

मीठ दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. आपल्याकडे मीठ केवळ भाजीत नसते. ते लोणचे, पापड, फरसाण, तळणीच्या मिरच्या आणि कोकण-गोव्यात सुक्या मासळीतही असते. सैंधव हेही मीठच आहे. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. इजीएफआर कमी असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर ते न विचारता वापरू नका.

प्रथिने एकदम तोडू नयेत. मूत्रपिंड विकार असलेल्या, पण डायलिसिसवर नसलेल्या प्रौढांना साधारणपणे शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम सांगतात. वाढत्या मुलांना हा हिशेब लागू नाही. डब्यातल्या प्रोटीन पावडरी मात्र बंद कराव्यात. भरपूर पाण्याने मूत्रपिंडे ‘धुऊन’ निघत नाहीत. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट यांच्याबद्दल वेगळे लिहीत नाही. त्या सोडायच्या आहेत.

९. साखर ‘आपोआप’ उतरू लागली तर सावध व्हा

इन्सुलिनचा मोठा वाटा मूत्रपिंडांत मोडला जातो. मूत्रपिंडे मंदावली, की टोचलेले इन्सुलिन रक्तात जास्त वेळ राहते, आणि पूर्वीच्याच युनिटवर साखर वारंवार उतरू लागते. घरात आनंद होतो: ‘बघा, डोस निम्मा झाला!’ आहारात, व्यायामात किंवा वजनात काही बदल नसताना इन्सुलिनची गरज घटली असेल, तर त्याच आठवड्यात क्रिएटिनिन तपासून घ्या. रात्री साखर उतरत असेल तर बेसलची युनिट डॉक्टरांना विचारून लगेच कमी करावी लागतात. आणि पोटॅशियम वाढलेले असल्यास उतरलेली साखर वर आणण्यासाठी संत्र्याचा रस किंवा शहाळे न घेता ग्लुकोजची पावडर किंवा साखर-पाणी घ्यावे.

१०. नेफ्रॉलॉजिस्टकडे (मूत्रपिंडतज्ज्ञांकडे) कधी जायचे, आणि पुढची तयारी

गुणोत्तर सातत्याने ३०० च्या वर असेल, इजीएफआर ३० च्या खाली गेला असेल किंवा वेगाने घसरत असेल, लघवीत रक्तपेशी दिसत असतील किंवा डोळे स्वच्छ असूनही मूत्रपिंडे बिघडत असतील, तर मधुमेहतज्ज्ञांबरोबर नेफ्रॉलॉजिस्टही हवेत. लवकर गेल्याचा मोठा फायदा असा, की डायलिसिसच्या आधीच प्रत्यारोपणाचा विचार करायला वेळ मिळतो. टाईप १ च्या काही रुग्णांत मूत्रपिंड आणि स्वादुपिंड यांचे एकत्र प्रत्यारोपणही करतात.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आईवडील, मुले, भावंडे आणि जोडीदार हे जवळचे नातेवाईक अवयव देऊ शकतात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे त्यांत आली. मृत दात्याच्या अवयवासाठी रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे लागते. महाराष्ट्रात अशी केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत.

खर्चासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय केली जाते. फुले योजनेसाठी शिधापत्रिका, आधार कार्ड आणि उपचाराचे कागद घेऊन संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटा. शिधापत्रिकेवर रुग्णाचे नाव आहे का आणि ते आधारवरच्या नावाशी अक्षरशः जुळते का, हे घरीच पाहून घ्या. माझ्या चुलतभावाचे काम एका वेलांटीवर अडले होते आणि सासर-माहेरच्या आडनावांमुळे स्त्रियांचे तर फार वेळा अडते.

इजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर एक गोष्ट रक्त काढणाऱ्या प्रत्येकाला सांगावी लागते, आणि ती सांगायला लोक संकोचतात. ज्या हाताने तुम्ही लिहीत नाही, त्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा पुढे डायलिसिसच्या फिस्टुलासाठी (धमनी आणि शीर जोडून केलेल्या मार्गासाठी) लागू शकतात. रक्त द्यायचे असो की सलाईन लावायचे असो, शक्यतो दुसऱ्या हाताच्या पंजावरची शीर पुढे करा.